चाकणला दिलेली गोलकीपर

वर्षाराणी मॅडमना मी चौदा वर्षं ओळखतो. आकुर्डीच्या आमच्या फुटबॉल अकादमीत त्या मुलींना गोलकीपिंग शिकवतात आणि मी ऑफिसात कारकून आहे. खेळाडूंची नोंदणी, वयाचे दाखले, मॅचच्या दिवशी बस सांगणं, पत्रं टाइप करणं ही माझी कामं. त्यामुळे पुढे जे पत्र गेलं, तेही माझ्याच हातून गेलं. हे सगळं मी मॅडमना विचारून सांगतोय. त्या म्हणाल्या, "सांगा मारुतराव. फक्त मला चांगली करून सांगू नका."

मॅडम मूळच्या सांगोल्याकडच्या. वडील पिंपरीत कंपनीत लागले तेव्हा त्या दोन वर्षांच्या होत्या. उंच, हाडापेरानं मजबूत. उजव्या हाताची दोन बोटं नीट मिटत नाहीत, ती खेळातली कमाई. राज्याच्या संघात त्या तीन वर्षं होत्या. होत्या म्हणजे संघाबरोबर हिंडल्या. पहिली गोलकीपर दुसरीच होती, आणि ती कधी आजारी पडली नाही की जायबंदी झाली नाही. तीन वर्षांत मॅडम एकाही मॅचला मैदानात उतरल्या नाहीत. एकदा डबा खाताना त्या मला म्हणाल्या होत्या, "मी रोज सकाळी उठून देवाला सांगायचे, आज तिचं बोट मुरगळू दे. आणि मग तिलाच जाऊन गुड मॉर्निंग म्हणायचे." आम्ही दोघंही हसलो होतो. मला ती नुसती गंमत वाटली.

पिंकी त्यांना चिखलीत सापडली. तिथल्या महापालिकेच्या शाळेत आम्ही निवड चाचणीला गेलो होतो. चाचणीच्या रांगेत पिंकी नव्हतीच. ती पलीकडे लगोरी खेळत होती. अकरा वर्षांची, काटकुळी, आणि अंगावर फेकलेला चेंडू चुकवायचा सोडून दर वेळी झेलायची. बाकीच्या मुली तिच्यावर ओरडत होत्या, खेळ येत नाही म्हणून. मॅडम रांग तशीच ठेवून तिकडे गेल्या आणि दहा मिनिटं नुसत्या बघत उभ्या राहिल्या. परत येऊन मला म्हणाल्या, "हिचं नाव आधी लिहा."

तिचे आईवडील हिंगोलीकडून आलेले. वडील चिखलीतल्या एका शेडमध्ये पावडर कोटिंगचं काम करायचे, आई शालनबाई तिथेच शेजारी नट-बोल्टचं पॅकिंग करायची. पुढची सात वर्षं मॅडमनी त्या पोरीच्या मागे घातली. सकाळी येताना डब्यात तिच्यासाठी दोन उकडलेली अंडी आणायच्या. तिचे गुडघे सुजले की स्वतः शेकायच्या. पिंकी बोलायची नाही फारशी. "हो मॅडम" आणि "नाही मॅडम", संपलं. मॅडमना एक मुलगा आहे, समर्थ. त्याला फुटबॉलचं काही नाही. तो एकदा ऑफिसात आईची वाट बघत बसला असताना मला म्हणाला, "काका, आमच्या घरात माझ्यापेक्षा पिंकीचं नाव जास्त वेळा निघतं." तो हसत म्हणाला, पण लागलेलं होतं त्याला.

पिंकीला अठरा पूर्ण झाली तेव्हा प्रश्न आला. आमच्या मोठ्या संघात पहिली गोलकीपर कोल्हापूरची, सव्वीस वर्षांची, अनुभवी. पिंकी बेंचवर. तेव्हा मॅडम आपणहून आमच्या संचालकांकडे, हिंदुराव सरांकडे गेल्या. मी तिथेच फाइल घेऊन उभा होतो.

"पोरगी बेंचवर कुजेल सर," त्या म्हणाल्या. "बेंच काय असतं ते मला विचारा. तिला लोनवर द्या कुठेतरी."

लोन म्हणजे खेळाडू आपलीच राहते, पण एका हंगामापुरती खालच्या विभागातल्या दुसऱ्या क्लबकडून खेळते. तिथे दर मॅचला उतरायला मिळतं, नजर तयार होते. हंगामाच्या मध्यावर मूळ क्लबला वाटलं तर तिला परत बोलावता येतं. मात्र एकदा परत बोलावली की त्या हंगामात पुन्हा पाठवता येत नाही. शालनबाई सही करायला आल्या तेव्हा तो शब्द ऐकूनच घाबरल्या. "लोन? आम्ही कशाचं लोन काढलं बाई?" मॅडमनी त्यांचा हात हातात घेऊन समजावलं, "कसलं कर्ज नाही हो. पोर तुमची, जरा दुसऱ्या अंगणात खेळून येईल."

ते दुसरं अंगण म्हणजे चाकणचा क्लब. जिल्हा लीगच्या दुसऱ्या विभागात खेळणारा. चौदा-पंधरा मुली, त्यातल्या निम्म्या चाकणच्या कंपन्यांत लाइनवर उभ्या राहणाऱ्या, बाकीच्या आसपासच्या गावांतल्या. मॅच रविवारी आणि कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, म्हणून पोरी शिफ्ट बदलून घेऊन खेळायच्या. त्यांचे कोच भीमराज. चाकणजवळच्याच गावातले शेतकरी, एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये पंचवीस वर्षं काढलेली, जुन्या कंपनी टीमचे गोलकीपर. कोचिंगचं सर्टिफिकेट वगैरे काही नाही. सगळ्या पोरी त्यांना अण्णा म्हणायच्या.

पहिल्या मॅचला पिंकीनं चार गोल खाल्ले. मॅडमना वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. पोर रडत येईल, आपण तिला समजावू, अशी त्यांची तयारी होती. मंगळवार आणि शुक्रवार सकाळी पिंकी आमच्याकडे व्यायामाला यायची. त्या मंगळवारी ती आली ती रडत नव्हती.

"चार गोल, काय झालं गं?" मॅडमनी विचारलं.

"अण्णा म्हणतात, चार खाल्ले ते बरं झालं. म्हणतात, तू खांबाला बांधल्यासारखी उभी राहतेस. पुढे यायला पाहिजे."

मॅडमनी सात वर्षं तिला गोललाइन सोडायची नाही हेच शिकवलं होतं. त्यांनी तिला दोरीवरच्या उड्या मारायला पाठवलं आणि ऑफिसात येऊन मला विचारलं, "या भीमरावांचं शिक्षण काय हो?"

"भीमराज," मी म्हणालो.

"तेच."

त्यानंतर दर खेपेला तिच्या बोलण्यात अण्णा येऊ लागले. अण्णा म्हणतात, ओरडायचं, मागून सगळं तुलाच दिसतं. अण्णा म्हणतात, गोल गेला की खाली बघायचं नाही. अण्णांच्या घरून तानाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, बाजरीची भाकरी आणि ठेचा दिला. सात वर्षांत "हो मॅडम"च्या पुढे न गेलेली पोरगी आता व्यायाम करता करता धापा टाकत बोलत होती, आणि बोलत होती ते सगळं दुसऱ्याच माणसाचं. मॅडम घरून अंडी आणायच्या ती एक दिवस तशीच परत गेली. पिंकी म्हणाली होती, "पोट भरलंय मॅडम, तानाकाकूंनी धपाटे दिलेत बांधून." मॅडमनी तो डबा माझ्या टेबलावर आपटला. "खा तुम्ही."

चाकणचा संघ जिंकू लागला. आधी बरोबरी, मग एक-शून्य, मग लागोपाठ तीन मॅच पिंकीवर एकही गोल नाही. निकाल माझ्या फोनवर यायचे, मी मॅडमना सांगायचो. त्या "छान" म्हणायच्या, आणि त्या "छान"मध्ये काही नसायचं. एका रविवारी त्या स्कूटर काढून चाकणला गेल्या. कुणाला सांगितलं नाही. मोशीच्या पुढे ट्रकांच्या रांगेत पाऊण तास अडकल्या. पोचल्या तेव्हा पहिला हाफ होत आला होता. मैदानाकडेला कंटेनर उभे होते, त्यांच्या आडोशाला त्या हेल्मेट न काढता उभ्या राहिल्या.

तिथे काय दिसलं ते त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं. पिंकी बॉक्सच्या पार बाहेर येऊन उभी होती. "वर्षाली, डावीकडं! डावीकडं!" अशी खणखणीत ओरडत होती. वर्षाली म्हणजे त्यांची कॅप्टन, पिंकीपेक्षा पाच वर्षांनी मोठी, एका कंपनीत प्रेस ऑपरेटर, आणि ती निमूट डावीकडे पळत होती. मॅडमनी तो आवाज कधी ऐकलेलाच नव्हता. शेवटी शेवटी समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली. पिंकीनं ती उजवीकडे झेप घेऊन अडवली. सगळ्या पोरी तिच्या अंगावर पडल्या. त्यातून सुटून ती सरळ धावत गेली ती अण्णांकडे. भीमराजांनी खांद्यावरच्या टॉवेलनं आधी तिचं तोंड पुसलं, मग तिचे ग्लोव्ह्ज पुसले. ते ग्लोव्ह्ज मॅडमनी दिलेले नव्हते. मॅडमनी तिच्या अठराव्या वाढदिवसाला दिले होते ते निळे होते. हे लाल होते.

"ती झेप माझी होती मारुतराव," मॅडम मला म्हणाल्या. "उजवा पाय आधी टाकून घेतलेली झेप. वर्षभर रोज दोनशे वेळा करून घेतलीय मी. आणि मिठी त्यांना."

त्या तशाच परत आल्या. घरी जाऊन जेवल्या नाहीत. नवऱ्यानं विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाल्या.

दोन आठवड्यांनी आमच्या कोल्हापूरच्या गोलकीपरचं बोट सरावात दुखावलं. डॉक्टरांनी पंधरा दिवसांची विश्रांती सांगितली. पंधरा दिवसांत आमच्या दोनच मॅच होत्या, आणि तिसरी गोलकीपर अकादमीत होती. परत बोलवायची मुदत मात्र त्याच शनिवारी संपत होती. गुरुवारी मॅडमनी मला हातानं लिहिलेला कागद आणून दिला. त्यात लिहिलं होतं, चाकणच्या क्लबमध्ये खेळाडूच्या तंत्रात गंभीर दोष निर्माण होत आहेत, ते वेळीच दुरुस्त करण्यासाठी तिला तातडीनं परत बोलावणं आवश्यक आहे.

मी दोनदा वाचला. "मॅडम, शेवटच्या सात मॅचमध्ये तिनं दोन गोल खाल्लेत."

"तुम्ही गोलकीपर होतात का?"

"नाही."

"मग टाइप करा."

मी केलं. हिंदुराव सरांनी मॅडमच्या शब्दावर डोळे झाकून सही केली. चाकणची लीग आमच्यापेक्षा छोटी, त्यामुळे त्यांचे तीनच सामने उरले होते आणि वरच्या विभागात जायला त्यांना चार गुण हवे होते. भीमराजांचा फोन माझ्या टेबलावरच आला, मी तो मॅडमकडे दिला. पलीकडचा आवाज मोठा होता, मलाही ऐकू येत होता.

"ताई, तीनच म्याची राह्यल्यात. तेवढं होऊ द्या. मंग मी सोता आणून सोडतो तिला."

"तिचं तंत्र बिघडतंय."

"बिघडतंय? आवो मी कुटं काय बिघाडलं? तुमीच तयार क्येलेली पोर, मी निस्ती बोलती क्येली."

मॅडमनी फोन ठेवून दिला.

कोल्हापूरची मुलगी दहा दिवसांतच बरी होऊन गोलमध्ये उभी राहिली. पिंकी बेंचवर आली. चाकणनं तीन सामन्यांत एका डिफेंडरला ग्लोव्ह्ज घालून गोलमध्ये उभं केलं. तीनांत मिळून तीनच गुण झाले. एका गुणानं वरचा विभाग हुकला.

मॅडमना हवं होतं ते झालं होतं. पोरगी रोज डोळ्यांसमोर होती. अण्णांचं नाव निघत नव्हतं. मुळात काहीच निघत नव्हतं. पिंकी परत "हो मॅडम"वर आली होती. पुढे आली की मॅडम म्हणायच्या, "लाइनवर राहा," आणि ती मागे जायची. मॅचच्या वेळी ती बेंचच्या टोकाला बसायची, जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढून. मी मॅडमकडे बघायचो. त्या तिच्याकडे बघायच्या नाहीत.

महिना-दीड महिना असा गेला. मग एका दुपारी पिंकी ऑफिसात आली. मॅडम माझ्यासमोर बसून हजेरी भरत होत्या. पिंकीच्या हातात एक वही होती.

"मॅडम, एक विचारायचं होतं."

"विचार."

"त्या पत्रात माझ्यात दोष आलेत असं होतं ना. हिंदुराव सर म्हणाले मला. मी मोबाइलवर माझ्या सगळ्या मॅच परत बघितल्या. चाकणच्या मुलीनं शूटिंग केलेलं आहे. मला जेवढे दिसले तेवढे लिहून आणलेत." तिनं वही उघडून मॅडमच्या पुढे ठेवली. अकरा मुद्दे होते. "यातला कोणता मोठा आहे? मी सकाळी लवकर येऊन करते त्याच्यावर. मला सांगा फक्त."

मॅडमनी वही बघितली. मी टाइप करायचं थांबवलं, मग थांबलेलं कळू नये म्हणून उगाच कागद सरळ करत बसलो.

"यातला एकही नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग दुसरा कुठला?"

"दोष नव्हताच पिंकी. तू चांगली खेळत होतीस. मी इथे खेळताना बघितलंय त्यापेक्षा कितीतरी चांगली. मला ते बघवलं नाही." त्यांनी वही तिच्याकडे परत सरकवली. "तू त्यांच्याकडे धावत गेलीस ना पेनल्टी अडवल्यावर, मी तिथेच होते. कंटेनरच्या मागे. मला बघवलं नाही म्हणून मी खोटं लिहिलं."

पिंकीला आधी ते कळलंच नाही. "म्हणजे मी काही चुकले नव्हते?"

"नाही."

तिच्या चेहऱ्यावर आधी सुटल्यासारखं काहीतरी आलं, आणि मग ते गेलं. तिनं वही मिटली. "तीन मॅच होत्या मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही बेंचवर बसलेल्या होतात ना? तुम्हीच सांगायचात आम्हाला." आणि ती गेली. दुसऱ्या दिवसापासून आली नाही.

चार दिवसांनी शालनबाई आल्या. "लेकरू घरात बसून आहे. काही बोलंना, जेवंना. काय चुकलं वो तिचं?" मॅडमनी त्यांनाही तेच सांगितलं, काही न लपवता. शालनबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला वाटायचं, तिला दोन आया आहेत. बरं वाटायचं तसं." मग पदर खोचून उठल्या आणि निघून गेल्या. मॅडम त्या दिवशी मैदानावर उतरल्या नाहीत.

त्यानंतर मॅडम हिंदुराव सरांकडे गेल्या. त्यांनी सगळं लेखी दिलं, तेही मीच टाइप केलं. सर फार चिडले. मॅडमना एका हंगामासाठी मोठ्या संघापासून दूर ठेवलं, लहान मुलींकडे पाठवलं. मॅडमनी एकच मागणी केली. पुढच्या हंगामात पिंकीला पूर्ण वेळ चाकणला द्यायचं आणि परत बोलवायचं कलम करारात ठेवायचं नाही. सरांनी मान्य केलं. मग मॅडम मला घेऊन चाकणला गेल्या.

भीमराज मैदानावर चुन्यानं रेषा आखत होते. मॅडमनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मला वाटलं, साधा माणूस आहे, जाऊ द्या म्हणेल. ते तसं म्हणाले नाहीत.

"मला वाटलंच व्हतं कायतरी," ते म्हणाले. "माजं सोडा ताई. मला वंगाळ वाटलं, गेलं. पर या पोरींनी शिफ्टा बदलून, सुपरवायझरच्या शिव्या खाऊन म्याची खेळल्या. त्यांना वाटतंय, आपुनच कमी पडलो. ज्या पोरीला गोलात हुबं क्येलं ती तर अजून माज्याकडं बघत न्हाई. त्यांना तुमी सांगा. मी न्हाई सांगनार."

सरावाला पोरी जमल्या तेव्हा त्यांनी सगळ्यांना रिंगणात बसवलं आणि स्वतः बाजूला झाले. मॅडम मध्ये उभ्या राहिल्या. चौदा पोरी खालून वर बघत होत्या. मॅडमनी सांगितलं. शब्द कमी वापरले, पण "मी जळत होते" असं स्पष्ट म्हणाल्या. पोरींमध्ये कुजबुज झाली. वर्षाली उठून उभी राहिली.

"मी दोन ओव्हरटाइम सोडले होते शेवटच्या मॅचला," ती म्हणाली. "आणि हिनं," शेजारच्या डिफेंडरच्या खांद्यावर हात ठेवून, "हिनं घरी जाऊन बूट फेकून दिले होते."

"मला माफ करा," मॅडम म्हणाल्या.

"बघू," वर्षाली म्हणाली. मग पोरींकडे वळून, "चला, उठा, पळायला लागा." पोरी उठल्या आणि मैदानाला फेऱ्या मारू लागल्या. आम्ही दोघं तिथे उभे होतो. कुणी चहा विचारला नाही.

पिंकी परत खेळली. वर्षालीनं स्वतः चिखलीला जाऊन तिला आणलं. पुढच्या हंगामात चाकणचा संघ वरच्या विभागात गेला. दोन वर्षांनी गोव्याच्या एका क्लबनं पिंकीला करारबद्ध केलं. मॅडमशी ती बोलते, सणाला मेसेज करते, समोर आली की वाकून नमस्कार करते. पण सकाळी जसं धापा टाकत सांगायची, तसं आता काही सांगत नाही. मॅडमही विचारत नाहीत.

गेल्या दिवाळीच्या आधी एका चॅनेलवाल्यानं तिची मुलाखत घेतली. मी ती ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर लावली. अण्णांबद्दल ती सात-आठ मिनिटं बोलली. त्यांचा टॉवेल, तानाकाकूंचे धपाटे, सगळं. आमच्याबद्दल एकच वाक्य होतं, "त्याआधी मी आकुर्डीला होते, तिथे माझा पाया झाला." मॅडमनी ते वाक्य परत लावायला सांगितलं. मग परत.

"बंद करू का?" मी विचारलं.

"नको." त्या पडद्याकडेच बघत होत्या. "अजून जळतं हो. मला वाटलं होतं, सगळं कबूल केल्यावर जाईल. नाही गेलं."

मी मुलाखत चालू ठेवली.

या हंगामात आमच्या दोन मुली लोनवर गेल्यात, एक चाकणला आणि एक तळेगावला. दोघी मॅडमच्याच हाताखालच्या. हंगामाचा मध्य आला तसा हिंदुराव सरांनी, त्यांना परत बोलवायचं की नाही याच्या रिपोर्टसाठी फाइल मॅडमकडे पाठवली. मीच नेऊन दिली. मॅडमनी ती उघडली नाही. उठून शेजारच्या खोलीत गेल्या आणि फिटनेसच्या सरांच्या टेबलावर ठेवली.

"चाकणला, तळेगावला तुम्ही जाऊन बघून या आणि तुम्हीच लिहा," त्या म्हणाल्या. "मला माझा भरवसा नाही."

आणि लहान मुलींच्या सरावाची वेळ झाली होती, म्हणून त्या मैदानावर निघून गेल्या.